घरची सर्व्हिस बाहेर चालत नाही

नगर जिल्ह्यात टेबल टेनिस खेळणाऱ्याला टेबल मिळतं, समोरचा माणूस मिळत नाही. कॉलेजच्या जिमखान्यात, साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या क्लबात, सावेडीकडच्या एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोधलं तर टेबल सापडतं. पण टेबलाच्या पलीकडे वर्षानुवर्षं तीच चार-पाच माणसं. एक बँकेतला, एक डॉक्टर, एकाचं एमआयडीसीत वर्कशॉप, एक वकील. कोण बॉल कुठे टाकणार हे एकमेकांना पाठ. त्यामुळे होतं काय, की त्या चौघांच्या सर्व्हिस आपल्याला उचलता येऊ लागतात आणि आपण समजतो, आपल्याला सर्व्हिस उचलता येते. या दोन गोष्टींत नगर-पुणे रस्त्याएवढं अंतर आहे, आणि मला ते त्याच रस्त्याने जाऊन कळलं.

आमच्या हॉलवरच्या वकीलसाहेबांच्या सर्व्हिसला सगळे टरकून असत. नव्वदच्या दशकात कॉलेजात असताना त्यांनी ती घोटलेली. बॉल जेमतेम उडायचा, डावा हात पुढे आडवा राहायचा, आणि त्या हाताच्या आड बॅट बॉलला कशी लागली ते दिसायचंच नाही. हॉलवर कुणी नवा आला की त्याचे पहिले पॉइंट असेच जायचे. आम्ही जुने मात्र सरावलो होतो. साहेबांचा खांदा खाली गेला की चॉप, ओठ आवळले की लांब आणि जोरात. आमचं सगळं रिसीव्ह त्या खांद्यावर आणि ओठांवर चाललं होतं.

मग आम्ही काही जण पुण्याला व्हेटरन्सच्या एका स्पर्धेला गेलो. वकीलसाहेबांनी पहिली सर्व्हिस केली आणि अंपायरने हात वर केला. लेट, सोबत ताकीद. पुढच्या वेळी थेट फॉल्ट, पॉइंट समोरच्याला. साहेबांनी युक्तिवाद करून पाहिला, पण अंपायरला नियम तोंडपाठ होता आणि साहेबांना नव्हता. त्यानंतर त्यांनी जी साधी सर्व्हिस सुरू केली ती कुणीही उचलावी अशी होती. सेट गेलाच.

म्हणून आधी नियम, कारण हॉलवर तो कुणी सांगत नाही. बॉल उघड्या, स्थिर तळव्यावर मोकळा ठेवायचा, बोटांच्या चिमटीत नाही. तिथून तो जवळजवळ सरळ वर, फिरकी न देता, निदान 16 सेंटिमीटर उडवायचा आणि खाली येताना मारायचा. 16 सेंटिमीटर म्हणजे किती, हे टेबलाशेजारीच मोजता येतं: नेट 15.25 सेंटिमीटर उंच असतं, त्याच्याहून थोडं जास्त. सर्व्हिस सुरू झाल्यापासून बॉल टेबलाच्या पातळीच्या वर आणि मागच्या कडेच्या मागे असला पाहिजे. आणि वकीलसाहेबांना भोवलं ते कलम: बॉल उडवला की मोकळा हात बॉल आणि नेट यांच्या मधून काढून घ्यायचा. बॉल समोरच्यापासून अंगाने किंवा कपड्याने झाकायचा नाही, हे 2002 पासून पक्कं झालं. म्हणजे साहेब शिकले तेव्हा हात आड ठेवणं खपत होतं. नियम पुढे गेला आणि आमचा हॉल मागे राहिला, कारण आमच्यात अंपायर कधी कुणी नव्हताच. शंका असेल तर अंपायर मॅचमध्ये पहिल्यांदा लेट देऊन ताकीद देतो. उघड चूक दिसली तर ताकीदही देत नाही, सरळ पॉइंट काढतो.

उघड्या तळव्याचा नियम तर फार जुना आहे. 1937 मध्ये अमेरिकेचा सोल शिफ बोटांनीच बॉलला पीळ देऊन सर्व्हिस करायचा आणि युरोपातल्या भल्याभल्यांचे रिटर्न भलतीकडे जायचे. मग ती बोटांची फिरकी बंदच केली गेली. आपल्याकडच्या हॉलांमध्ये ती अजून सापडते, मोठ्या कौतुकाने.

माझ्या सर्व्हिसवर अंपायरने काही आक्षेप घेतला नाही. ती नियमात बसत होती, एवढाच तिचा गुण. माझी अडचण पलीकडून येणाऱ्या सर्व्हिसची होती. समोरचे गृहस्थ माझ्याहून वयाने मोठे, गुडघ्याला पट्टा, हालचाल अगदी बेताची. त्यांच्याकडे दोनच सर्व्हिस होत्या आणि दोन्हींचा हात हुबेहूब सारखा. एकीत भरपूर चॉप, दुसरीत काहीच नाही, रिकामा बॉल. चॉपवर माझा बॉल नेटमध्ये. मग मी बॅट उघडून उचलायला गेलो की रिकामा बॉल यायचा आणि माझा रिटर्न छातीएवढा उंच उडायचा. त्याचं पुढे काय होतं ते सांगायला नको. भारी फिरकीची भीती सगळ्यांनाच असते; पॉइंट नेतो तो हा रिकामा बॉल.

इथे सेटची लांबीही नडते. पूर्वी 21 पॉइंटांचा सेट असायचा आणि एकेकाला ओळीने पाच सर्व्हिस मिळायच्या. पाच बॉलांत माणूस थोडा तरी कळायचा. 2001 पासून सेट 11 चा आणि सर्व्हिस दोन-दोन. अनोळखी माणसाचा हात कळेपर्यंत सेट संपलेला असतो. घरच्या गड्यांविरुद्ध हे जाणवत नाही, कारण तिथे ओळख आधीच झालेली असते.

हा अनोळखीपणा नामवंतांनाही नडतो. मुंबईत 1952 साली जागतिक स्पर्धा भरली होती. जपान त्या स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला होता, आणि त्यांच्या हिरोजी सातोने बॅटवर जाड स्पंज लावून आणला होता. तोवर बहुतेक सगळे पिंपल्सच्या, म्हणजे दाणेदार, साध्या रबराने खेळत. बॉल बॅटला लागल्याचा टक्क आवाज यायचा आणि त्या आवाजावरून बॉल किती जोरात येतोय याचा अंदाज बांधला जायचा. सातोच्या बॅटला आवाजच नव्हता. युरोपचे नामवंत गोंधळले आणि जगज्जेता ठरला तो सातो. पुढे तो पुन्हा कधी जागतिक विजेता झाला नाही. जिंकणारा कितीही मोठा असो, त्याच्या विजयात समोरच्याच्या अनोळखीपणाचा वाटा असतो. आणि हा वाटा आपल्याला कमी करता येतो, हे मला त्या गुडघ्याच्या पट्ट्याने शिकवलं.

कसा, ते सांगतो. आपण सगळे बॉल बघतो. बॉल आपल्या बाजूला येईपर्यंत सांगण्यासारखं त्याच्याकडे फार थोडं उरतं. बघायची ती बॅट, आणि तीही बॉलला टेकते तेवढ्या क्षणाची. आधीचे हातवारे आणि नंतरचा झोका हा बराचसा देखावा असतो. चलाख खेळाडू बॉल लागून गेल्यावर मुद्दाम बॅट वर उचलतात, म्हणजे चॉप टॉपस्पिनसारखा दिसावा. त्या क्षणी बॅट कुठून कुठे चालली होती एवढंच टिपायचं. मग एकच हिशोब सगळीकडे लागू पडतो: बॅट जिकडून आली, तिकडे आपला रिटर्न रोखायचा. वरून खाली आली तर चॉप आहे, बॉल आपल्या बॅटवरून खाली घसरणार, म्हणून वर रोखायचा. खालून वर गेली तर टॉपस्पिन, बॉल उडणार, म्हणून बॅट झाकून खाली रोखायचा. बाजूने फिरली तरी तेच. उजव्या हाताच्या खेळाडूची पेंड्युलम सर्व्हिस घ्या. त्याची बॅट त्याच्या उजवीकडून डावीकडे जाते आणि आपला रिटर्न आपल्या उजवीकडे पळतो. तेव्हा तो आपल्या डावीकडे, म्हणजे त्याची बॅट जिथून निघाली त्या बाजूला रोखायचा. फिरकी किती आहे त्यानुसार कमी-जास्त. हे कळायला मला उशीर लागला, पण कळल्यावर निम्मी धास्ती गेली.

हे वाचून येत नाही, सर्व्हिस करून येतं. ज्याला स्वतःला चॉप आणि रिकामा बॉल एकाच हातातून काढता येतो, त्याला दुसऱ्याचा दिसायला लागतो. आणि सर्व्हिस हा असा एकमेव फटका आहे की ज्यात समोरच्याचा काही संबंध नसतो, म्हणून तो एकट्याने घोटता येतो. तरी तो कुणी घोटत नाही. हॉल उघडला की थोडा वॉर्म-अप, लगेच मॅच. माझा आग्रह असा की हॉलवर लवकर पोचणाऱ्याने बादलीभर जुने बॉल घेऊन एकट्याने सर्व्हिस करत राहावं.

सुरुवात जमिनीवर करा, टेबलाची गरज नाही. घरात सतरंजीवर सर्व्हिस करून बॉल पुढे टाका; तो टप्पा घेऊन परत आपल्याकडे यायला हवा. येत नसेल तर चॉप नाही, नुसता ढकललेला बॉल आहे. बॅट बॉलवर आपटायची नाही, बॉलच्या खालच्या अंगाला अगदी पातळ घासून न्यायची. फोरहँडने सर्व्हिस करताना मुठीची मागची तीन बोटं सैल सोडा, बॅट अंगठा आणि तर्जनी यांत धरा. मनगट सुटतं आणि फिरकी मनगटातूनच येते. मग टेबलावर. आखूड सर्व्हिस हवी तर बॉल खालून, नेटच्या उंचीच्या आसपास घ्या आणि पहिला टप्पा नेटच्या बाजूला पाडा. पलीकडे बॉल सोडून दिला तर त्याचे टेबलावर दोन टप्पे पडले पाहिजेत, हीच आखूडपणाची परीक्षा. लांब आणि वेगाची हवी तर उलट, पहिला टप्पा आपल्याच कडेजवळ. हे जमलं की एकच हात ठेवून बॉल बॅटच्या टोकाकडे घासला तर चॉप आणि मुठीजवळ नुसता टेकवला तर रिकामा, असं आलटून पालटून करा. चार प्रकारच्या सर्व्हिस शिकण्यापेक्षा एका हाताच्या दोन सर्व्हिस केव्हाही जास्त पॉइंट देतात, असं माझं मत झालं आहे.

नगरच्या हवेबद्दल एक सांगायलाच हवं. आपल्याकडे कोरडं, आणि मार्चनंतर धूळ. रबरावर पुडीसारखा थर बसतो, बॉल घसरतो आणि माणूस म्हणतो माझी फिरकीच गेली. दर वेळी खेळून झालं की ओल्या स्पंजाने रबर पुसा आणि वर प्लास्टिकचा कागद चिकटवून ठेवा. उन्हाळ्यात पंखा लावायचा की नाही यावर हॉलवर भांडणं होतात. बॉल 2.7 ग्रॅमचा असतो, पंख्याखाली उंच उडवलेली सर्व्हिस खरोखर हलते. घाम आला तर येऊ द्या.

रिसीव्हच्या सरावासाठी आम्ही एक डाव काढला. एक जण फक्त सर्व्हिस करतो, दुसऱ्याने बॉल आपल्या बॅटला लागण्याआधी मोठ्याने ओरडायचं: ‘खाली’, ‘वर’, नाहीतर ‘रिकामा’. रॅली नाही. बॉल टेबलावर गेला की पुढची सर्व्हिस. पहिल्यांदा सगळे उशिरा ओरडायचे, म्हणजे बॉल बघून ओरडायचे. डॉक्टर तर नेटमध्ये बॉल गेल्यावर ‘खाली’ म्हणायचे. हळूहळू आवाज लवकर यायला लागले. रिटर्न कुठे टाकावा, याचं फार मोठं शास्त्र करू नये: आखूड चॉपला टप्पा पडताच पुढे पाय घालून हलकासा आखूड पुश, नाहीतर लांब, त्याच्या कोपराच्या दिशेने. उंच आणि मधोमध तेवढा नको.

पिंपल्सवाल्यांची गोष्ट निराळी. लांब पिंपल्सचं रबर स्वतः फार फिरकी देत नाही, समोरून आलेलीच उलटून परत करतं. तुम्ही चॉप मारला तर येणारा बॉल टॉपस्पिनसारखा वागतो. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत मनिका बत्राने अशाच रबराने सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवलं आणि भारताच्या महिलांना सांघिक सुवर्ण मिळालं. त्या संघात ठाण्याची मधुरिका पाटकर आणि पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होत्या. पूर्वी दोन्ही बाजूंना एकाच रंगाची वेगवेगळी रबरं लावून, बॅट फिरवून समोरच्याला फसवायचे. 1986 पासून एक बाजू काळी आणि दुसरी लाल अशी सक्ती झाली, आणि 2021 पासून लालच्या जागी इतर काही रंगही चालतात. एक बाजू मात्र काळीच. मॅचच्या आधी समोरच्याची बॅट मागून घेऊन बघायचा हक्क नियमानेच आहे. नगरची माणसं संकोचाने मागत नाहीत. मागा, दोन्ही बाजूंवरून बोट फिरवा, लांब पिंपल्स कोणत्या रंगाकडे आहेत ते लक्षात ठेवा.

आणि माणसं बदला. वकीलसाहेबांनी सर्व्हिस नव्याने बसवली आहे, हात काढून, बॉल चांगला डोक्याएवढा उडवून. सध्या ते आमच्याशीही हरतात आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पण आमचे खांदे आणि ओठ पुन्हा एकमेकांना पाठ होणारच. म्हणून रविवारी श्रीरामपूरहून एक कॉलेजचा मुलगा येतो, त्याच्या एसटीचं तिकीट आम्ही काढतो. तो डावखुरा आहे. आमच्यात डावखुरा एकही नाही. त्याची पेंड्युलम आमच्या फोरहँडच्या बाहेर पळते आणि बॅटला लागली की डावीकडे निघून जाते, सगळं आमच्या सवयीच्या उलट. हिशोब तोच, बॅट जिकडून आली तिकडे रोखायचं. आठवडाभर आपसात बरोबर ओरडणारे डॉक्टर त्याच्यासमोर अजून दर दुसऱ्या बॉलला चुकतात, आणि म्हणून पुढच्या रविवारी पहिला नंबर त्यांचाच लावलेला आहे.