ऑटोमेशन लावण्याआधी कागदावर नाणी फिरवून बघा

व्हिडिओत हा भाग घाईत झाला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. कागद, पेन आणि चार-पाच नाणी घेऊन बसा.

ऑर्डर आली की बिल बनावं, पॅकिंगला मेसेज जावा, कुरिअर बुक व्हावं. हे आपोआप जोडून देणारी टूल्स आज सहज मिळतात. पण तुमची जोडणीच चुकीची असेल तर टूल ते सांगेलच असं नाही. ते तपासायला पेट्री नेट आहे. कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन संशोधकाने १९६२ च्या प्रबंधात त्याचा पाया घातला.

गोल म्हणजे स्थिती, चौकोन म्हणजे काम, मध्ये बाण. चौकोनाकडे येणाऱ्या प्रत्येक गोलात नाणं असेल तरच ते काम होतं. झालं की ती नाणी उचलायची आणि पुढच्या प्रत्येक गोलात एकेक ठेवायचं. बस, एवढाच नियम! फ्लोचार्टवर आपण एकच बोट फिरवतो, इथे दोन कामं एकाच वेळी चाललेली दिसतात.

आता साडीचं दुकान घ्या. ऑर्डर आली की एक नाणं पॅकिंगकडे, एक पेमेंटकडे. कुरिअर बुक करायला 'पॅक झालं' आणि 'पैसे जमा' ही दोन्ही नाणी हवीत. यूपीआयवाल्याचं काम सुरळीत होतं. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्याचे पैसे मात्र साडी घरी पोचल्यावर येणार, आणि साडी निघणार पैसे आल्यावर! पार्सल फळीवर पडून, एरर कुठेच नाही. उपाय सोपा आहे: 'पैसे जमा' ऐवजी 'पाठवायला परवानगी' असा गोल करा. यूपीआय आलं की तिथे नाणं, सीओडी मंजूर केली तरी तिथेच नाणं.

कॅन्सलेशन जास्त त्रासदायक. पैसे परत दिले, ऑर्डर बंद केली, पण पॅकिंगकडचं नाणं तसंच राहिलं. म्हणजे रद्द झालेली साडी पॅक होते, स्टॉक एकने कमी दिसतो आणि पुढच्या गिऱ्हाईकाला तुम्ही 'संपली' सांगता. म्हणून रद्द करण्याचे दोन चौकोन काढा, एक पॅकिंगच्या आधीचा, एक नंतरचा. नंतरच्यात साडी परत स्टॉकला चढवायची.

डच संशोधक विल व्हॅन डर आल्स्ट यांनी अशा तपासणीला नेमकं रूप दिलं: कुठूनही शेवट गाठता यावा, शेवटी मागे नाणं उरू नये, आणि कधीच न होणारं काम नकाशात नसावं.

आठ-दहा चौकोन असतील तर हाताने जमतं. जास्त असतील तर वोपेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर हीच तपासणी करून देतं.