स्मारकासमोरचा तिरंगा: पैसा नेमका कुठे जातो?

गावच्या जवानाला वीरमरण आलं की वर्षाच्या आत स्मारकाचा विषय निघतो आणि स्मारक म्हटलं की समोर झेंडा आलाच. वर्गणी जमते आणि बैठकीत पहिला वाद होतो तो खांबाच्या उंचीवरून. शेजारच्या गावाचा तीस फूट, मग आपला पन्नास हवा! हा वाद शेवटी घाला. झेंड्याची रोजची देखभाल कोण करणार आणि विटला, फाटला की नवा कुठल्या पैशातून आणणार, हे आधी ठरवा.

वीस फुटी खांबाचा हिशेब सोपा आहे. जीआय पाइप मुळातच वीस फुटी लांबीत येतो, त्यामुळे जोड मारावा लागत नाही. दोन इंची मध्यम जाडीचा पाइप साधारण 30 किलो भरतो. किलोला 80 रुपये धरले तर 2,400 रुपये. दुकानदार नगावर भाव सांगत असेल तर समोर वजन करून घ्या, कारण पातळ पाइप रंग दिल्यावर ओळखू येत नाही. पायासाठी दोन बाय दोन फुटांचा, तीन फूट खोल खड्डा घेतला तर तीन गोणी सिमेंट पुरतं. वाळू-खडी, कप्पी, नायलॉनची दोरी, वेल्डिंग, रंग आणि मजुरी धरून आठ-दहा हजारांत काम उरकायला हवं. कोटेशन पंचवीस हजारांचं आलं तर प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा. जागा ग्रामपंचायतीची असेल तर ठराव आधी करून घ्या, आणि वरून विजेची तार जात नाही ना, हे मान वर करून एकदा बघा.

खांबाचा खर्च एकदाच होतो, कापडाचा दरवर्षी. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर तयार केलेला झेंडाही ध्वजसंहितेत बसतो. 2022 च्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत टपाल कार्यालयात 20 बाय 30 इंची झेंडा 25 रुपयांना मिळत होता. घराच्या गच्चीवर चार दिवस तो छान, माळावरच्या वाऱ्यात त्याची शिवण टिकत नाही. खादीचा प्रमाणित झेंडा हवा असेल तर नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती जवळची, नाहीतर हुबळीचं बेंगेरी इथलं खादी केंद्र. तीन बाय दोन फुटी झेंडा हजाराच्या आसपास धरा, दर मात्र फोन करून पक्का करा. राष्ट्रध्वजावर जीएसटी नाही. बिलात लावला असेल तर काढायला सांगा.

मोठ्या झेंड्याचा मोह इथेच महागात पडतो. संहितेतल्या मापांत 900 बाय 600 मिलिमीटरच्या पुढे 1350 बाय 900, मग 1800 बाय 1200 आणि 2700 बाय 1800. लांबी तिप्पट झाली की कापड नऊपट लागतं. वीस फुटी खांबाला 1350 बाय 900 शोभून दिसतो. कोल्हापूरच्या पोलीस उद्यानात 303 फुटी खांब आहे, पण तिथे देखभालीला यंत्रणा लागते. गावात ती म्हणजे शाळेचा शिपाई आणि दोन माजी सैनिक. झेंडा रोज फडकवणार असाल तर वर्षाला तीन-चार झेंडे धरून चला. फक्त 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि पुण्यतिथीला लावणार असाल तर एक झेंडा बरीच वर्षं जातो. मला हाच मार्ग पटतो. 2022 पासून नागरिकांना झेंडा रात्रीही ठेवता येतो, पण भर पावसात तो भिजत लोंबत ठेवण्यात कसला मान?

आता फुकट जाणारा पैसा. तिरंग्यावर जवानाचा फोटो किंवा नाव छापून देणारे प्रिंटर भेटतात. त्यांना नको म्हणा. राष्ट्रध्वजावर काही लिहिणं हा 1971 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. नाव ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरा. तिथे दर अक्षरावर असतो, म्हणून सत्काराला आलेल्या पुढाऱ्यांची यादी वगळली की पाटी निम्म्या पैशात होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 जणांचं स्मारक आहे. तिथे लोक कशासाठी थांबतात, ते पाटी लिहिताना आठवा.

अनावरणासाठी स्मारक तिरंग्याने झाकू नका, त्यालाही मनाई आहे. साधं पांढरं कापड पुरतं. खांबाच्या टोकाला हार नको. झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या चालतात. पुण्यतिथीला झेंडा अर्ध्यावर उतरवायची पद्धत काही ठिकाणी पडली आहे, पण सरकारी आदेशाशिवाय तसं करता येत नाही.

पार्थिवावरचा झेंडा चितेत जात नाही, तो काढून घेतला जातो. वीरपत्नीने किंवा आई-वडिलांनी तो घरी जपायचा ठरवला तर खोल पेटीसारखी फ्रेम करून घ्या. काच कापडाला टेकता कामा नये आणि फ्रेमवर थेट ऊन नको. या फ्रेमचा खर्च वर्गणीतूनच व्हावा, घरच्यांकडे मागू नये.

उरलेल्या वर्गणीची बँकेत सरपंच आणि एका माजी सैनिकाच्या संयुक्त नावावर ठेव करा. त्या व्याजातून दरवर्षी दोरी आणि झेंडा येईल. फाटलेला झेंडा रद्दीत न देता एकांतात, सन्मानाने जाळायचा असतो. तो कुणी आणि केव्हा जाळला, याची वहीत नोंद ठेवा, म्हणजे नव्या झेंड्याचं बिल मंजूर करताना पुढच्या समितीला प्रश्न पडणार नाही.