किनाऱ्यावरची खानावळ

(समुद्रकिनारी खानावळ बांधताना स्थानिक, नैसर्गिक साहित्य कसे वापरावे आणि येणाऱ्या पाहुण्याचा विचार कसा करावा, हे लेखिकेने या पाठात आपल्या अनुभवावरून सांगितले आहे.)

मुलांनो, सुट्टीत तुम्ही कधीतरी समुद्रकिनारी गेला असाल. वाळूत खेळून दमल्यावर भूक लागते आणि आपण एखादी खानावळ शोधतो. एका खानावळीत पाऊल टाकताच बरे वाटते. दुसरीकडे जेवण चांगले असूनही कधी एकदा बाहेर पडतो असे होते. असे का होत असेल बरे?

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात माझ्या मामूंची छोटी खानावळ होती. खानावळ म्हणजे पत्र्याची एक शेड. उन्हात पत्रा तापे. पाऊस पडू लागला, की समोरच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे. समुद्रावरच्या खाऱ्या, दमट हवेने लोखंडी खुर्च्या गंजत आणि पाहुण्यांच्या कपड्यांना डाग पडत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्यात ती शेडही गेली.

मामूंकडे थोडी शिल्लक होती. बाकीचे कर्ज काढावे लागणार होते. पुन्हा चूक झाली, तर तिसऱ्यांदा बांधायला पैसे नव्हते. मामू मला म्हणाले, "बेटी, शहरातल्यासारखे काचेचे दरवाजे लावू का? लोकांना तेच आवडते."

मी म्हणाले, "मामू, आधी वारा कुठून येतो ते बघू या."

तुम्ही भूगोलात शिकला आहात, की दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा येते. हेच खारे वारे. रात्री उलट होते आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. म्हणून आम्ही पश्चिमेला मोठ्या खिडक्या ठेवल्या आणि त्यांच्या समोर, पूर्वेलाही तेवढ्याच खिडक्या ठेवल्या. वाऱ्याला आत यायला वाट हवी, तशी बाहेर जायलाही हवी. पश्चिमेकडून संध्याकाळचे ऊन आणि पावसाची झड येते. म्हणून त्या बाजूला रुंद पडवी काढली. कोकणातल्या जुन्या घरांना पडवी असते, ती उगीच नव्हे!

भिंतींसाठी जांभा दगड निवडला. खाणीतून काढताना हा दगड थोडा मऊ असतो, त्यामुळे त्याचे चिरे सहज कापता येतात. हवा लागली, की तो कठीण होतो. त्यात लोह असते, म्हणून त्याचा रंग तांबडा. तो रंगच इतका सुंदर, की आतून भिंती न रंगवता तशाच ठेवल्या. मात्र हा दगड पाणी शोषतो. म्हणून छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे काढली.

छपरावर मंगलोरी कौले घातली. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. वादळाची आठवण ताजी होती. म्हणून सुताराने वासे भिंतींना पक्के जखडले आणि कडेची कौले तांब्याच्या तारेने बांधली. जमिनीवर शहाबादी फरशी घातली. ती पायाला गार लागते. हात धुण्याच्या जागी मात्र खरखरीत फरशी बसवली, कारण गुळगुळीत फरशीवर पाणी सांडले, की पाय घसरतो.

आता माझी चूक सांगते. जेवणाच्या खोलीत बांबूचा पडदा आणि दिव्यांवर बांबूच्या टोपल्या असाव्यात, हा हट्ट माझा. हंगाम जवळ आला होता. घाईघाईने ओला बांबू आणून काम उरकले. पहिले काही महिने सगळ्यांनी कौतुक केले. पुढे टेबलांवर पिवळट भुकटी पडू लागली. एके दिवशी ती एका पाहुण्याच्या ताटात पडली. ते काही न बोलता उठून गेले. मला फार वाईट वाटले. चूक माझी होती आणि पैसे मामूंचे गेले.

गावातल्या एका जुन्या कारागिराने कारण सांगितले. बांबूत गोडसर, पिठूळ अंश असतो. तो खायला किडे येतात आणि बांबू पोखरतात. म्हणून तीन वर्षांहून जून बांबू तोडावा. तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे तो अंश कमी होतो. मग बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवावा. आम्ही सारे काम पुन्हा केले. आता भुकटी पडत नाही. नैसर्गिक वस्तू वापरायची, तर तिचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो.

खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर काथ्याच्या चटया लावल्या. दिवे पिवळसर आणि डोळ्यांवर न येणारे ठेवले. कोणीतरी मामूंना सांगितले, "शोभेसाठी प्रवाळ टांगा. खारफुटीचे खांब लावा." मामूंनी साफ नकार दिला. प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे आणि खारफुटी तोडायला बंदी आहे. शिवाय लाटांचा जोर कमी करणारी खारफुटी तोडून आपण किनाऱ्यावर कसे राहणार?

सगळे झाले असे वाटत असतानाच एक कुटुंब जेवायला आले. आजी मात्र गाडीतच बसून राहिल्या. दाराशी तीन उंच पायऱ्या होत्या. मामींनी त्यांचे ताट गाडीत नेऊन दिले. त्या रात्री मामू म्हणाले, "आपण वाऱ्याला वाट दिली, आजींना दिली नाही." दुसऱ्याच आठवड्यात दाराशी उतार बांधला. एक फूट चढण्यासाठी बारा फूट लांब उतार ठेवला, म्हणजे चाकांची खुर्चीही सहज वर येते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गाकडे एकदा नीट पाहा. वारा कुठून येतो? ऊन कोणाच्या डोळ्यांवर येते? पायऱ्यांपाशी कोण अडखळते? असे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

शब्दार्थ
पडवी – घराच्या पुढे किंवा बाजूला असलेली छपराखालील जागा
चिरा – कापलेला चौकोनी दगड
वळचण – भिंतीपुढे आलेली छपराची कड
वासे – छपराची लांब लाकडे
काथ्या – नारळाच्या सोडणाचे धागे
खारफुटी – खाडीकाठी, खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जांभा दगडाचा रंग तांबडा का असतो?
(आ) हात धुण्याच्या जागी खरखरीत फरशी का बसवली?
२. कारणे लिहा.
(अ) पाहुणे काही न बोलता उठून गेले.
(आ) मामूंनी खारफुटीचे खांब लावायला नकार दिला.
३. 'आपण वाऱ्याला वाट दिली, आजींना दिली नाही' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. दरवाजा, हवा, कारागीर हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
५. तुमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला बरे वाटावे म्हणून तुम्ही काय कराल? आठ ओळी लिहा.