कठडे काढले, शेजार राहिला

पुण्यातल्या एका सातमजली ऑफिसचं एनर्जी मॉडेल हे माझं पहिलं मोठं काम. इमारत वापरात होती. मालकांचा प्रश्न साधा होता: पश्चिमेच्या काचा बदलल्या तर एसीचं बिल किती उतरेल? आर्किटेक्टकडून थ्रीडी फाइल आली आणि मी हरखलो. बाल्कन्यांच्या कठड्यांचे गज, खिडक्यांच्या चौकटी, गच्चीवरची जाळी, लॉबीची गोल भिंत, सगळं होतं. इमारत जितकी हुबेहूब तितकं उत्तर अचूक, अशा समजुतीनं मी ते सगळं एनर्जीप्लसमध्ये उतरवलं.

हा प्रोग्रॅम वर्षाचे 8760 तास मोजतो आणि कुठल्या पृष्ठभागाची सावली कुठे पडते तेही तपासतो. गजागणिक हे गणित फुगत गेलं. रात्री सिम्युलेशन लावावं आणि सकाळी इशाऱ्यांची यादी वाचावी: हा झोन (इमारतीचा एकत्र मोजायचा भाग) बंदिस्त नाही, ती भिंत उलटी आहे. तीन आठवडे मी उष्णता मोजत नव्हतो, फटी बुजवत होतो.

अखेर आकडे आले, पण बिलांशी जुळेनात. आकडे घेऊन इमारतीत गेलो, तर तिथले मेंटेनन्सचे काका म्हणाले, "अहो साहेब, खालच्या मजल्यांवर पश्चिमेचं ऊन येतंच कुठे? बाजूला पाच मजली इमारत आहे ना! आणि तिसऱ्या मजल्यावर रात्रपाळी चालते, ते धरलंत का?"

दोन्ही धरलं नव्हतं. गज न् गज काढला आणि शेजारची अख्खी इमारत विसरलो. एसीची वेळ मी नऊ ते सहा गृहीत धरली होती.

दुसरं मॉडेल कोऱ्या पानावरून केलं. ते तीन दिवसांत झालं. तेव्हापासून पाळत आलेल्या काही गोष्टी नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी सांगतो.

आधी प्रश्न कागदावर लिहा. झोन खोल्यांप्रमाणे पाडू नका; दिशा, वापर आणि एसीची व्यवस्था पाहून पाडा. मोठ्या ऑफिसात बाहेरच्या भिंतीलगतचा सुमारे साडेचार मीटरचा पट्टा दिशेनुसार वेगळा आणि आतला गाभा वेगळा, एवढं बहुधा पुरतं. एकसारख्या मधल्या मजल्यांपैकी एकच काढून त्याला गुणक लावा. तळमजला आणि गच्चीखालचा मजला मात्र स्वतंत्र ठेवा. शेजारची सावली मजल्यागणिक बदलत असेल तर गुणक लावू नका. गोल भिंतीचे चार-सहा सपाट तुकडे करा, कारण प्रोग्रॅमला सपाट पृष्ठभागच कळतात. भिंतीची जाडी चित्रात काढायचीच नसते. ती साहित्याच्या माहितीत आकडा म्हणून जाते.

एका भिंतीवरच्या सारख्या खिडक्या जोडून एक पट्टी केली तरी चालते, काचेचं एकूण क्षेत्रफळ तेवढंच ठेवा. पण नैसर्गिक उजेड मोजायचा असेल तर खिडकीची जागा आणि उंची बदलू नका.

छज्जे, उभे पडदे, बाल्कनीचा स्लॅब आणि शेजारच्या इमारती यांना हात लावू नका. उत्तरेचा छज्जाही राहू द्या: पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो.

शंका आली तर तो तपशील ठेवून एकदा आणि काढून एकदा चालवून पाहा. दोन्ही उत्तरांवरून निर्णय तोच निघत असेल, तर तो तपशील म्हणजे चुकीला आणखी एक जागा. वाचलेला वेळ इमारतीत घालवा: दिवे कधी लागतात, एसी किती अंशांवर असतो, माणसं किती वाजता जातात ते विचारा.

त्या ऑफिसात शेवटी वरच्या दोनच मजल्यांच्या काचा बदलल्या. खालच्यांना शेजाऱ्याची सावली होती. कठडे मी आजही काढतो, फक्त मॉडेलमधून बाहेर.