मॉस्कोला निघालेल्या पुतणीस

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मॉस्कोच्या सेचेनॉव्ह वैद्यकीय विद्यापीठात तुझा प्रवेश निश्चित झाल्याचा आनंद घरातील सर्वांनाच झाला आहे. परंतु शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्यामुळे रशियन भाषा पुढे सवडीने, कामापुरती शिकून घेईन, असे जे तू सहजगत्या लिहून गेली आहेस, त्याविषयी काही लिहिल्यावाचून माझ्याने राहवत नाही. ज्या संस्थेत तू निघाली आहेस तिचा इतिहास वाचला असतास, तर ते वाक्य तुझ्या लेखणीतून उतरले नसते.

तुझी ही संस्था म्हणजे मुळात मॉस्को विद्यापीठाची वैद्यकाची शाखा. सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्या फर्मानाने १७५५ साली मॉस्को विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा तत्त्वज्ञान आणि विधी यांच्याबरोबर वैद्यकाच्या शाखेसही मंजुरी मिळाली होती. परंतु ती शाखा प्रत्यक्षात चालू होण्यास १७५८ साल उजाडले, आणि त्यानंतरही तेथील अध्यापन परदेशी पंडितांच्या व्याख्यानांपलीकडे फारसे गेले नाही. लायडन येथे पदवी घेऊन स्वदेशी परतलेल्या सेम्योन झिबेलिनाने १७६८ च्या सुमारास लॅटिनचा आश्रय सोडून रशियन भाषेत वैद्यक सांगण्यास प्रारंभ केला, त्या वेळी अनेक विद्वानांना ते शास्त्राचे अवमूल्यन वाटले असल्यास नवल नाही. आपल्याकडेही तसे वाटणारे थोडे नाहीत. डॉक्टरची पदवी देण्याची सनद विद्यापीठास १७९१ साली मिळाली, आणि स्वतःची चिकित्सालये मात्र १८०५ साली. पदवी अगोदर आणि रुग्णाची खाट मागाहून, असा हा क्रम आहे.

त्या खाटेचे महत्त्व ज्याने सर्वांत आग्रहाने सांगितले, तो मात्वेई मुद्रॉव्ह. १८१२ साली नेपोलियनच्या स्वारीत मॉस्को जळाले, विद्यापीठाचे इमले आणि ग्रंथालय भस्मसात झाले. त्यानंतर चिकित्सालय पुन्हा उभे करण्यात हा पुढे होता. रोगाच्या नावावर उपचार करू नका, समोरच्या माणसावर करा, हे त्याच्या शिकवणीचे सार होते, आणि म्हणून आपल्या प्रत्येक रुग्णाची सविस्तर हकीकत तो स्वतः लिहून ठेवी. १८३१ साली पटकीच्या साथीशी झगडताना तो त्याच रोगाने गेला.

असा गुरू असतानाही काय घडत असे, ते ऐक. पुढे युद्धभूमीवरील शस्त्रवैद्यकात अखिल युरोपात ज्याची कीर्ती झाली, तो निकोलाय पिरोगॉव्ह याच शाखेत, वय वाढवून सांगून, चौदाव्या वर्षी दाखल झाला आणि १८२८ साली पदवी घेऊन बाहेर पडला. आणि वृद्धापकाळी लिहिलेल्या स्मृतींत त्याने निःसंकोचपणे नमूद केले आहे की, ज्या दिवशी लोकांच्या जीवनमरणाचा अधिकार देणारा कागद हाती आला, त्या दिवसापर्यंत आपण एकदाही शस्त्र हाती धरले नव्हते. मुद्रॉव्हची व्याख्याने त्याने ऐकलेली होती. सबब, संस्था थोर आहे, गुरू थोर आहेत, एवढ्याने विद्यार्थ्याचे काम भागते असे तू समजू नकोस. पिरोगॉव्ह नंतर दोर्पात येथे जाऊन जे शिकला, ते त्याला मॉस्कोत शिकता आले नाही. आणि आज त्याच्याच नावाच्या रस्त्यावर, १८९७ साली उभारलेल्या त्याच्या पुतळ्यासमोरून, तुला रोज जावे लागेल.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहावयास घेतले, त्या ग्रिगोरी झाखारिनाकडे येतो. गेल्या शतकापूर्वीच्या शतकात, १८६२ पासून पुढे तीसहून अधिक वर्षे, त्याने येथील चिकित्सालय चालविले. स्वभावाने तो शीघ्रकोपी होता, धनिकांकडून घेतलेल्या फीबद्दल त्याची निंदाही झाली, आणि अखेरीस विद्यार्थ्यांच्या रोषामुळे त्याला पद सोडावे लागले. तेव्हा त्याला देव मानण्याचे कारण नाही. परंतु रुग्णाची कैफियत घेण्याची जी पद्धती त्याने बसविली, ती अद्वितीय होती. राहते घर ओलसर आहे का, झोप केव्हा मोडते, काय खातोस, काय पितोस, कोणते काम किती तास करतोस, अशा प्रश्नांनी तो माणसाचे सारे जीवनच समोर मांडून घेई आणि पुष्कळदा निदान त्यातूनच निघे. कथाकार अंतोन चेकॉव्ह १८७९ ते १८८४ या काळात तेथे शिकला. झाखारिनाचे नाव तो टॉलस्टॉयच्या बरोबरीने घेत असे. १८९० साली साखालिन बेटावर जाऊन कैद्यांच्या वस्तीत त्याने घरोघर जी हजारो प्रश्नपत्रके भरली, आणि १८९२ च्या पटकीत मेलिखोवो येथे पंचवीस गावे, चार कारखाने व एक मठ यांचा जो भार विनावेतन वाहिला, त्यात मला त्या कैफियतीचाच संस्कार दिसतो. त्याच्या कथांत तर तो दिसतोच दिसतो.

या परंपरेला काळिमाही लागलेला आहे. १९३० साली ही शाखा विद्यापीठापासून अलग होऊन स्वतंत्र संस्था झाली, आणि १९५५ साली तिला शरीरविज्ञ सेचेनॉव्हचे नाव मिळाले. परंतु या दोहोंच्या मध्ये १९३८ सालचा मॉस्कोचा खटला येतो. वृद्ध प्राध्यापक प्लेटन्यॉव्ह यांच्यावर साहित्यिक गॉर्की यांना चुकीच्या उपचारांनी मारल्याचा आरोप ठेवला गेला, आणि दडपणाखाली घेतलेल्या जबान्यांना शास्त्राचा शिक्का देणाऱ्या तज्ज्ञमंडळात विनोग्रादॉव्ह हे नामांकित चिकित्सकही होते. प्लेटन्यॉव्ह १९४१ साली गोळीने मारले गेले. १९५२ च्या नोव्हेंबरात तशाच बनावट आरोपाखाली खुद्द विनोग्रादॉव्ह तुरुंगात गेले, आणि स्टालिनच्या मृत्यूनंतर सुटले. कोणाच्या भीतीने काय लिहिले गेले, याचा न्याय येथे बसून करणे मला जमणार नाही. दप्तरातील कागद आणि रुग्ण यांची ताटातूट झाली म्हणजे विद्वत्तेचे काय होते, एवढे मात्र त्यातून दिसते.

पहिली दोन-तीन वर्षे तुला इंग्रजी पुरेल, आणि परत आल्यावर येथे द्यावयाची परीक्षाही इंग्रजीतच आहे, हे मला ठाऊक आहे. त्या परीक्षेच्या प्रश्नसंग्रहांत बुडून रुग्णकक्षात मुकेपणाने उभी राहणारी आपली मुले मी पाहिली आहेत. खाटेवरची म्हातारी तिचे दुखणे रशियनमध्येच सांगणार, आणि तेही पुस्तकी रशियनमध्ये नव्हे. म्हणून प्रयाणापूर्वीच्या महिन्यांत लिपी आणि व्याकरण उरकून घे. तेथे गेल्यावर वसतिगृहातील स्वदेशीयांच्या घोळक्याबाहेर रोज थोडा वेळ काढ. आणि तिसऱ्या वर्षापर्यंत चेकॉव्हची एखादी वैद्यकथा मुळातून वाचता येईल, अशी तजवीज ठेव. शिकवणीचा खर्च माझ्याकडे. दादाला त्यासाठी विचारू नकोस, विमानाच्या तिकिटावरूनच त्याची ओढाताण चालली आहे.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका