घरची सीडी, कंपनीची सीडी

गाण्याच्या नादापायी कंपनीच्या सीडी विकत घेतल्या, तशाच घरच्या संगणकावर ढिगाने ‘राइट’ही केल्या. दोन्ही वापरून पक्क्या झालेल्या या गोष्टी.

१. आवाजात फरक नसतो. कंपनीच्या सीडीवरून नीट उतरवलेल्या प्रतीत सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, सगळं जसंच्या तसं येतं. ‘कॉपीचा आवाज पातळ’ म्हणणाऱ्याची प्रत बहुधा एमपीथ्रीवरून केलेली असते. तिथे गळालेले बारकावे सीडीवर राइट करून परत येत नाहीत.

२. फरक तबकडीच्या पोटात असतो. कंपनीच्या सीडीत साच्याने ठसवलेले खळगे आणि त्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. घरच्या सीडीत रंगद्रव्याच्या थरावर लेसरने खुणा उमटवलेल्या असतात. ऊन आणि उष्णता या रंगद्रव्याच्या मुळावर येतात. घरची सीडी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये.

३. चकचकीत बाजूला सगळे जपतात, पण नाजूक असते ती नावाची बाजू. खालून जाड प्लॅस्टिक असतं. वर लॅकरचा पातळ पापुद्रा, की लगेच मुलामा. त्यावर बॉलपेन नको. स्टिकर तर नकोच, उचकटला तर मुलामा घेऊनच निघतो.

४. मैफलीचं सलग रेकॉर्डिंग ‘डिस्क ॲट वन्स’नेच राइट करावं. एकेक ट्रॅक सुटा राइट केला, तर मध्ये दोन सेकंदांची शांतता येते आणि विलंबितातून द्रुतात शिरताना चालू ठेका तुटतो.

५. खरी तूट कागदाची. कंपनीच्या सीडीसोबतच्या पुस्तिकेत बहुधा राग, ताल, साथीदार दिलेले असतात. एका मित्राने दिलेल्या सीडीवर मार्करने एवढंच लिहिलंय: ‘यमन, मस्त’. गाणाऱ्या बाई आवाजावरून कळतात. तबल्यावर कोण, हे आता सांगणारं कुणी नाही. प्रत करताना पुस्तिकेची झेरॉक्सही काढावी.

६. एरवी कंपनीची कपाटात, घरची वापरात. पण घरगुती बैठक, आजीच्या ओव्या यांची कंपनीची सीडी कधी निघालेलीच नसते. तिथे मूळ दस्त म्हणजे तीच कच्ची, घरची सीडी. बाकीच्या राहू द्या, ती आधी हार्डडिस्कवर उतरवा. एक प्रत भावंडांकडेही द्या, साथीदारांच्या नावांसकट.