पाळणा आणि बाकडे

गेल्या मे महिन्यात आमच्या घरची सात माणसे एका करमणूक उद्यानात गेली होती. आजी, आई-बाबा, आत्या, कॉलेजात जाणारी आतेबहीण, आठ वर्षांचा धाकटा भाऊ आणि मी. संध्याकाळी परतताना एस.टी.त बाबांनी आजीला विचारले, “काय आई, झाली का मजा?” आजी म्हणाली, “झाली की! देवळाबाहेर चपला राखणाऱ्याला पैसे मिळतात. इथं मी पैसे भरून तुमच्या चपला राखल्या.”

सगळे हसले, धाकटा भाऊ मात्र हसला नाही. मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत तो बाबांबरोबर पाऊण तास उन्हात उभा होता. अगदी पुढे गेल्यावर तेथील माणसाने त्याला उंचीच्या खांबाला टेकवून उभे केले आणि दोन बोटे कमी पडतात म्हणून परत पाठवले. बाबाही त्याच्याबरोबर परतले. आईला चक्कर येते, म्हणून ती गेली नव्हती. आत्या आजीला एकटे सोडायला तयार नव्हती. म्हणजे तिकिटे सात आणि वर गेलेली माणसे दोन : आतेबहीण आणि मी. भावाला मग लहान मुलांच्या विभागात नेले, तर तिथल्या इवल्याशा मोटारी पाहून तो म्हणाला, “हे बाळांचं आहे.” एका यंत्राला तो लहान आणि दुसऱ्याला मोठा ठरला.

मला स्वतःला त्या दिवशी फार मजा आली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु एकत्र निघालेल्या घराची फाटकाच्या आत गेल्याबरोबर अशी वाटणी का व्हावी, हा प्रश्न मनातून जाईना. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना ही हकिगत सांगितली, तेव्हा ते म्हणाले, “प्रश्न चांगला आहे. जरा वाच आणि वार्षिकांकात लिही.” प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा गोषवारा होय.

बाकड्यावरचा बाप

आजच्या रोलर कोस्टरचा एक पूर्वज न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे १८८४ साली सुरू झाला. लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने बांधलेली ही गाडी ताशी सुमारे सहा मैल वेगाने, म्हणजे आपल्या सायकलपेक्षाही सावकाश धावत असे. पाच सेंट भाड्यात लोक तिच्यात बसत. त्याच कोनी आयलंडवर १९२७ साली ‘सायक्लोन’ हा लाकडी कोस्टर उभा राहिला. त्याची उंची ८५ फूट आणि वेग ताशी साठ मैल. त्रेचाळीस वर्षांत वेग दसपट झाला! थरार जसजसा वाढला, तसतशी आजी-नातवंडांनी एकत्र बसण्याची जागा कमी होत गेली, असे मला वाटते.

या गोष्टीची टोचणी ज्यांना लागली, त्यांत वॉल्ट डिस्ने यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ते आपल्या दोन मुलींना घोड्यांच्या चक्रावर बसवून आणीत. मुली फिरत आणि बाप शेंगदाणे खात बाकड्यावर बसून राही. आईबाप आणि मुले यांना बरोबरीने रमता येईल अशी एखादी जागा असली पाहिजे, हा विचार आपल्याला त्या बाकड्यावर सुचला, असे ते सांगत. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, तेव्हा तेथे एकही रोलर कोस्टर नव्हता. आगगाडी होती, जंगलातून जाणारी नौका होती, फिरणारे पेले होते, घोड्यांचे चक्र होते.

थराराची गरज

येथेच लेख संपवून ‘थरार वाईट, कुटुंब चांगले’ असा निष्कर्ष काढता आला असता; पण इतिहास तसे म्हणत नाही. चारच वर्षांनी, १९५९ साली, डिस्नेलँडमध्येच ‘मॅटरहॉर्न’ हा कोस्टर आला. नळीच्या आकाराच्या पोलादी रुळांवर धावणारा हा पहिला कोस्टर मानला जातो. पुढे १९७७ साली ‘स्पेस माउंटन’ आणि १९७९ साली ‘बिग थंडर माउंटन’ ही भर पडली. कारण उघड आहे. घोड्यावर बसणारी मुले मोठी होतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आईजवळ नौकेत बसणे नको असते. आपल्याला भीती वाटत नाही हे त्याला मित्रांना, आणि त्याहून अधिक स्वतःला, दाखवायचे असते. ही गरज खरी आहे. ती उद्यानाने भागवली नाही तर तो मोटारसायकलवर भागवील. बांधलेला, मोजलेला, पट्ट्याने धरून ठेवलेला थरार हा त्या मानाने बराच शहाणा.

एकाच संस्थेने दोन्ही बाजूंनी चूक केल्याची उदाहरणे यासाठी बोलकी आहेत. पॅरिसजवळचे उद्यान १९९२ साली उघडले. ते देखणे होते; पण कर्जाचा बोजा मोठा आणि प्रेक्षक अपेक्षेपेक्षा कमी. मोठी धावती गाडी एकच, ‘बिग थंडर’. १९९३ साली तेथे पूर्ण उलटे करणारा कोस्टर आणला गेला आणि १९९५ साली तीनदा उलटे करणारे ‘स्पेस माउंटन’. त्याच वर्षी संस्थेला प्रथम वार्षिक नफा झाला. अर्थात त्या वर्षी तिकिटाचे दरही उतरवले होते आणि कर्जाचीही फेररचना झाली होती, तेव्हा सर्व श्रेय कोस्टरला देणे बरोबर नव्हे. परंतु तरुणांना ओढणारे काही हवे, हे तेथे ध्यानात आले एवढे निश्चित.

उलट २००१ साली अनाहाइम येथेच जे दुसरे उद्यान उघडले, त्यात प्रचंड कोस्टर होता, परंतु लहान मुलांसाठी फारच थोडे काही. पालकांची तक्रार इतकी झाली की दुसऱ्याच वर्षी, २००२ मध्ये, किड्या-मुंग्यांच्या कल्पनेवर रचलेला बालविभाग घाईने जोडावा लागला. पहिल्या ठिकाणी थोरला मुलगा कंटाळला, दुसऱ्या ठिकाणी धाकटा. आणि घरातील एक जण कंटाळला की सगळे घर लवकर परत फिरते, हे सहलीला गेलेल्या कोणालाही सांगायला नको.

तिकिटाचे अर्थशास्त्र

आजीच्या बोलण्यात ‘पैसे भरून’ हे शब्द होते. माझ्या मते प्रश्नाची किल्ली तेथेच आहे.

आपल्या गावच्या जत्रेत ज्याला पाळण्यात बसायचे तो पाळण्याचे पैसे देतो. आजी बसली नाही तर आजीचे काही जात नाही. डिस्नेलँडमध्येही प्रथम अशीच पद्धत होती. प्रवेशमूल्य वेगळे आणि आतल्या प्रत्येक खेळासाठी कुपने. कुपनांचे ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत वर्ग होते आणि ‘ई’ सर्वांत महाग. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, या ‘ई’ कुपनावर मॅटरहॉर्न चालत असे, तशीच ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही तान्ह्या मुलासकट बसता येणारी संथ नौकाही चालत असे. म्हणजे किंमत भीतीची नव्हती, कारागिरीची होती. संथ म्हणजे स्वस्त, असे तेथे मानले गेले नाही.

टेक्सासमध्ये १९६१ साली उघडलेल्या ‘सिक्स फ्लॅग्ज’ या उद्यानाने फाटकावर एकदाच पैसे घेऊन आत सर्व खेळ खुले ठेवण्याची पद्धत रूढ केली. डिस्नेलँडची कुपनेही १९८२ साली बंद झाली. रांगेत सुटे पैसे मोजण्याची कटकट गेली, हा फायदा झाला. पण न बसणारा आता बसणाऱ्याइतकेच, किंवा जवळजवळ तितकेच, पैसे देऊ लागला. जत्रेत आजी ही प्रेक्षक होती; येथे ती ग्राहक झाली. म्हणून एकरकमी तिकीट घेणाऱ्या उद्यानावर, तिच्यासाठीही काही ठेवण्याची जबाबदारी जत्रेतल्या पाळणेवाल्यापेक्षा कितीतरी अधिक येते.

मधली पायरी

समतोल म्हणजे निम्मी यंत्रे मोठ्यांची आणि निम्मी लहानांची, असे मला प्रारंभी वाटत होते. आता वाटते की अशा वाटणीने घराचीही वाटणीच होते. खरा समतोल मधल्या पायऱ्यांत आहे.

‘सिक्स फ्लॅग्ज’मध्येच १९६३ साली ओंडक्याच्या आकाराची नाव आली. पाण्याच्या पाटातून ती सावकाश जाते आणि शेवटी एकदाच उतारावरून धपकन खाली येते. १९६६ साली तेथे खाणीतल्या गाडीचा कोस्टर आला. त्यात उंची थोडी, वळणे पुष्कळ. या दोन्हींचे मर्म एकच. पोटात गोळा येतो, पण क्षणभरच. आणि आई, बाप, मुलगा एकाच डब्यात बसून ओरडू शकतात. ‘बिग थंडर’ला आजही १०२ सेंटिमीटर उंची पुरते. माझ्या आठ वर्षांच्या भावाला हवे होते ते नेमके हेच.

उंचीच्या खुणेविषयी मात्र गैरसमज नको. ती कोणाचा अपमान करण्यासाठी नसते. अंगावरचा आडवा दांडा किंवा पट्टा ठरावीक बांध्याच्या शरीरालाच नीट धरू शकतो. गाडी टेकाडावरून खाली वळते तेव्हा शरीर आसनावरून वर उचलले जाऊ पाहते. त्या वेळी लहान मूल दांड्याखालून निसटण्याचा धोका असतो. म्हणून त्या दोन बोटांसाठी हुज्जत घालणे हा मूर्खपणाच. दोष खुणेचा नव्हता. ती रांगेच्या शेवटी होती हा दोष होता. रांगेच्या तोंडाशीच खूण असती तर भावाचा पाऊण तास आणि अश्रू वाचले असते.

अशा साध्या गोष्टी आणखीही आहेत. अमेरिकेतील अनेक उद्यानांत आईबापांपैकी एक जण वर जातो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि पहिला परतताच दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता बसू देतात. याला यंत्र लागत नाही, शिस्त लागते. मोठ्या कोस्टरशेजारीच लहानांचे काही असावे, म्हणजे घर एका हाकेच्या अंतरावर राहते. आणि बाकडे! ते सावलीत हवे आणि तेथून वर गेलेली नात दिसली पाहिजे.

आपल्याकडे

मुंबईत गोराई येथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका. इमॅजिकात ‘नायट्रो’सारखा पाय लोंबकळत ठेवणारा कोस्टर आला, तसाच ‘मि. इंडिया’ चित्रपटावरचा खेळही आला. महाराष्ट्रातले घर हे पुष्कळदा तीन पिढ्यांचे असते आणि सहलीला निघाले तर तीन पिढ्या घेऊनच निघते. परदेशातील आराखडा उचलताना हे विसरता कामा नये. आपल्या जत्रेने ही गोष्ट कधीच ओळखली होती. तेथे आकाशपाळणा आहे, मौत का कुआँ आहे. पण देवीचे दर्शनही आहे, कासाराचे दुकान आहे, कुस्तीचा फड आहे, गरम भजी आहेत. जत्रेत ‘नुसता सोबत आलेला’ असा कोणी नसतोच.

असो. परवा भावाने स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने आपली उंची आखून घेतली. तो तीन बोटे वाढला आहे. पुढच्या मे महिन्यात तो नक्की वर जाईल. आजीचा प्रश्न मात्र उंची वाढून सुटणारा नाही. तो उद्यान आखणाऱ्यांनीच सोडवायचा आहे; आणि तोवर निदान पाळीपाळीने बाकड्यावर बसणे, एवढे तरी आम्हा वर जाणाऱ्यांना करता येईल.